कमी म्हणजे किती

पोस्टमनच्या एका गालावरचा फेस उतरला होता. दुसऱ्या गालाला वस्तरा टेकणार, तेवढ्यात त्याने अंगावरच्या कापडाखालून हात बाहेर काढला.

"थांब, थांब. आधी हे ऐक."

सलूनवाल्याने वस्तरा मागे घेतला. पोस्टमनने मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि पत्र वाचून दाखवावं तसं वाचलं, "'मंगळवारी बाबा घरी अकरा शब्द बोलले. त्यातले चार बरं, बरं, बरं आणि बरं. तीन टॉवेल कुठे आहे. उरलेले चार मला कळले नाहीत, कारण बाबा तेव्हा दात घासत होते.'"

बाकावर वाट पाहणारे तिघे हसले. सलूनवालाही हसला.

"कुणाचं आहे हे?"

"चौथीच्या वर्गाचा ब्लॉग. माझी नात आहे ना त्या वर्गात. पोरं टोपणनावानं लिहितात. ही कुणीतरी 'मुंगी' आहे. पुढे तर ऐक. 'दुकानात मात्र बाबा बोलतच असतात. लाल खुर्चीवर कुणी बसलं रे बसलं की सुरू होतात. त्या खुर्चीच्या हाताला काळी चिकटपट्टी लावली आहे.'"

पोस्टमनचं वाचणं थांबलं. त्याचा हात त्या काळ्या पट्टीवरच होता. त्याने आधी पट्टीकडे पाहिलं, मग आरशात.

"अरे, अकराच? माझ्या नुसत्या मिशीला तू अकराशे शब्द खर्च करतोस!"

आता मात्र बाक हलेल इतकं हसणं झालं. सलूनवाल्याने मान डोलवली, वस्तरा पुसला आणि उरलेली दाढी एक अक्षर न बोलता उरकली. त्या दुकानात असं कधी झालं नव्हतं.

शाळा सुटायच्या वेळेला त्याने शटर ओढलं आणि तडक वर्ग गाठला. मुलं पांगली होती. बाई कोपऱ्यातल्या एकुलत्या संगणकापाशी होत्या. बसायला चौथीचे बाक. तो बसला तेव्हा त्याचे गुडघे पार छातीला आले.

"बाई, ते काढून टाका."

कोणतं, असं बाईंनी विचारलं नाही.

"काढता येईल. एक बटण दाबायचं. पण आमचा नियम आहे, ज्याचं लिखाण त्याला विचारायचं." त्यांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "आधी तिनं एवढंच लिहिलं होतं, हे बघा."

'माझे बाबा घरी कमी बोलतात.' त्याखाली कुण्या 'वाटाण्या'ने लिहिलं होतं, 'कमी म्हणजे किती?'

"'वा, छान' लिहायला आमच्याकडे बंदी आहे," बाई म्हणाल्या. "खाली प्रश्नच विचारायचा. मग लिहिणाऱ्यानं परत जाऊन नीट बघायचं आणि पुन्हा लिहायचं. आठवडाभर वही घेऊन फिरत होती ती."

सलूनवाल्याला ती वही आठवली. जेवताना ताटाशेजारी असायची. पोरगी अधूनमधून पेन्सिलीने रेघ ओढायची. त्याला वाटायचं, पाढे चाललेत.

"गुळगुळीत शब्द असायचे हो तिचे," बाई हसून म्हणाल्या. "सगळं खूप छान, खूप सुंदर. हे पहिलं असं, की वाचताना माणूस दिसला." मग त्यांनी चष्मा काढला. "पण घरातली गोष्ट आहे. ब्लॉगवर टाकण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं. ते माझं चुकलं."

या बोलण्याची त्याने तयारी केली नव्हती. तो भांडायला आला होता.

व्हरांड्यातून मुंगी आत आली. कपाळावरचे केस डोळ्यांत येत होते आणि ती फुंकर मारून ते वर उडवत होती. बाबांना बाकावर पाहून तिची फुंकर अर्ध्यावर राहिली.

"मुंगे, हे नको ठेवूया. लोक हसतात."

"खोटं आहे का?"

"खोटं नाही गं."

"मग मोजायला चुकलं?"

"तसं नाही." त्याने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "दुसरं काहीतरी लिही. फुलावर लिही. नाहीतर मांजरावर."

मुंगीने वही दप्तरात ठेवली. दप्तराची चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली.

"बरं," ती म्हणाली.

रुसवा नव्हता त्या शब्दात, रागही नव्हता. झाडून पुसून रिकामी केलेली खोली असावी, तसा तो शब्द. सलूनवाला तो रोज वापरत आला होता. तो ऐकायला कसा लागतो, हे मात्र त्याला आज कळलं.

बाईंचा हात माउसकडे गेला.

"राहू द्या," तो घाईने म्हणाला. "बाई, राहू द्या ते."

बाप-लेक रस्त्याने चालत निघाले. दप्तर त्याच्या खांद्यावर, बाटली तिच्या गळ्यात. दुकानापाशी तो थांबला आणि शटर वर केलं. आत जाऊन त्याने लाल खुर्चीच्या दोन हातांवर लहान मुलांना बसवायची फळी आडवी टाकली.

"बस."

"मी?" तिचे केस आजवर आईनेच कापले होते, मोरीच्या दारात, घरातल्या कात्रीने.

"डोळ्यांत चाललेत. बस."

त्याने कापड झटकून तिच्या गळ्याभोवती बांधलं. पाण्याचा फवारा मारला, कंगव्याने केस पुढे ओढले. आरशात दोन चेहरे, एकावर एक. त्याने घसा खाकरला. पहिली बट कापून पडली, आणि तिच्या मागोमाग शब्द आले.

"लोकांना वाटतं, मला बडबडीची हौस आहे. तसं नाही. मानेला वस्तरा लागला ना, की माणूस श्वास धरतो. कितीही मोठा असू दे. श्वास धरला की कातडी ताठ होते आणि मग चिरतं. म्हणून बोलायचं. तो ऐकायला लागला की आपसूक श्वास सोडतो."

"म्हणजे घाबरतात सगळे?"

"सगळे. पोस्टमनकाका तर सगळ्यात जास्त. आज मी गप्प होतो, तर खुर्ची गच्च धरून बसला होता."

ती खुदकन हसली.

"हलू नकोस."

थोडा वेळ ती हलली नाही. मग एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली, "म्हणजे घरी कुणी घाबरत नाही, म्हणून तुम्ही घरी बोलत नाही?"

कात्री थांबली. किती सुंदर कारण होतं ते. नुसती मान डोलवली असती, तरी ते त्याच्या नावावर जमा झालं असतं.

"नाही गं," तो म्हणाला. "तसं नको लिहूस, ते खरं नाही. घरी येताना वाटतं, चला, आता कुणाला सांभाळायचं नाही. मग गप्प राहायची चैन करतो मी. तुम्ही दोघी वाट बघत असाल, हे डोक्यातच आलं नाही."

आरशातली मुंगी त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"वही काढू?"

"हात कापडाखाली आहेत तुझे. लक्षात ठेव, घरी गेल्यावर लिही." त्याने पुन्हा कंगवा उचलला. "तर मी पहिल्यांदा कात्री धरली ना, तेव्हा तुझ्याएवढाच होतो. समोर होते माझे मामा. आणि मामांना दुसऱ्या दिवशी मुलगी बघायला जायचं होतं..."

बाहेरून कुणीतरी डोकावलं, खुर्चीत गिऱ्हाईक पाहून पुढे गेलं. मामांचा एक कल्ला गेला. मग बरोबरी करायला दुसरा गेला. मुंगीचे डोळे आता मोकळे झाले होते, कपाळावर केस सुतासारखे सरळ बसले होते. कात्री त्यांच्यावर बोटभर उंच नुसतीच कचकच वाजत होती.

"बाबा, केस पडत नाहीयेत."

"पडतील," तो म्हणाला, आणि मामांच्या मिशीकडे वळला.