सुभेदारांचा फूटपाथ

सुभेदार लालासाहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, की जिने टाळायचे आणि रोज चाळीस मिनिटं सपाटीवर चालायचं. घर बैठं असल्यामुळे जिन्याचा प्रश्न नव्हता. सपाटीचा होता. शेताकडे जावं तर ढेकळं, आणि रस्त्यावर उतरावं तर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. पण त्याच वर्षी नगरपालिकेनं स्टँडपासून सरकारी दवाखान्यापर्यंत फूटपाथ केला. लाल-पिवळे ब्लॉक बसवले. पुढारी आले, फीत कापली, टाळ्या घेतल्या आणि गाडीत बसून निघून गेले. त्यावरून चाललं मात्र कोणीच नाही.

गावाला फूटपाथची सवयच नव्हती. माणसं रस्त्यावरून चालायची, गुरं मधोमध बसायची. एवढी सपाट, स्वच्छ जागा रिकामी पडलेली पाहून लोकांचा जीव तुटायला लागला. पहिल्याच आठवड्यात गुंडाचा वडापावचा गाडा वर चढला. पाठोपाठ चपलांचा ढीग आला, वाढदिवसांचे फ्लेक्स आले, बँकेसमोरच्या मोटारसायकली आल्या. सुभेदार रोज सकाळी सात वाजता पांढरे बूट घालून निघत आणि या सगळ्याला वळसे घालत दवाखाना गाठत. त्यांना त्याचं फारसं काही वाटत नसे. गाडा एका जागी उभा असतो, तो अंगावर येत नाही.

अंगावर आली ती सायकल.

डिसेंबरातली सकाळ होती. मागून अगदी कानाशी घंटी वाजली. सुभेदार दचकून वळले, नवा गुडघा लचकला आणि ते मटकन गटाराच्या झाकणावर बसले. सायकलीवरून साठीची एक बाई उतरली. कासोटा घातलेला, हँडलला तेलाच्या बाटल्यांची पिशवी. ती सुलाबाई होती. गावातल्या बाळ-बाळंतिणींना तेल लावणारी, सकाळच्या आठ घरांना सायकलीवरून जाणारी. माणदेशातून लग्न होऊन इकडे आली त्याला चाळीस वर्षं झाली होती. सुभेदारांच्या नातवाला, शिवतेजलाही तिनंच पायावर घेऊन न्हाऊ घातलं होतं.

"लागलं का हो सुभेदार? आवं, घंटी मारली की मी!"

"घंटी मारली म्हंजे झालं? ह्यो फूटपाथ हाय! चालणाऱ्याचा हाय!"

"ते मला बी ठावं हाय. पर खाली ट्रॉल्या कशा जात्यात बघा. गेल्या साली एकीनं मला गटारात घातली, तीन महिनं मनगाट पलाश्टरमदी. हात ग्येला तर मी काय पायानं त्याल लावू?"

"ते मला सांगू नका. नियम म्हंजे नियम!"

सुलाबाईनं त्यांना हात देऊन उठवलं आणि पुन्हा सायकलीवर टांग टाकली. फूटपाथवरच. सुभेदारांना गुडघ्यापेक्षा तेच जास्त लागलं.

घरी येऊन त्यांनी तीन पानी अर्ज लिहिला. 'सदर महिला' हा शब्द त्यात अकरा वेळा आला. त्यांची बायको विजयमाला चहा ठेवत म्हणाली, "सुलाबाईवर अर्ज? उद्या आपल्या पोराला, पृथ्वीराजला दुसरं झालं तर त्याल कोण लावणार, मुख्याधिकारी?" सुभेदारांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पलटणीत पंचवीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

रस्त्यातल्या खड्ड्यांवर आलेल्या अर्जांना नगरपालिका दोन-दोन वर्षं उत्तर देत नसे. या अर्जावर आठव्या दिवशी सभा बोलावली. खड्डा बुजवायला खडी लागते, सायकल थांबवायला काही लागत नाही.

सभेला हॉल भरला. सुभेदारांना वाटलं होतं, आपण एकटे पडू. झालं उलटंच. सगळ्यात आधी गुंडा उठला. "फूटपाथ चालणाऱ्या माणसाचा हाय!" तो मूठ आपटून म्हणाला. "आज सायकल आली, उद्या काय बी यील! माझ्या गाड्यावर लेकरंबाळं येत्यात, त्यास्नी कोन धडकलं म्हंजे?" चपलावाल्यानं टाळ्या वाजवल्या. मग नगरसेवक विश्वजित बोलायला उभे राहिले. पादचारी हा लोकशाहीचा कणा आहे, असं ते म्हणाले. स्वतः ते घरापासून सभेपर्यंतची दोनशे पावलं गाडीनं आले होते. सुभेदारांची छाती फुगली. निवृत्त झाल्यापासून इतक्या लोकांनी त्यांच्या म्हणण्याला एकदम मान हलवली नव्हती.

"सुलाबाई, तुमाला काय बोलायचंय?" मुख्याधिकारी म्हणाले.

सुलाबाई मागच्या बाकावरून उठली. "मी काय बोलनार सायेब. सगळे म्हंत्यात तर सायकल खाली घिती. पर एक करा. फूटपाथ चालणाऱ्याचा हाय म्हंता, तर सुभेदारांनी ह्या टोकापासनं त्या टोकापत्तर एकदा चालून दावावं. खाली पाय न ठेवता. चालले, तर मी सायकल कायमची खुंटीला लावती."

विश्वजितांनी घड्याळ बघितलं. पण सुभेदार आव्हान घेतल्याशिवाय राहणारे नव्हते. "चला," म्हणाले, आणि सभा उठून स्टँडवर आली.

सुभेदार पुढे, मागे हातात सायकल धरून सुलाबाई, आणि तिच्यामागे सगळं गाव. वीस पावलांवर गुंडाचा गाडा. सुभेदार खाली उतरले.

"एक," सुलाबाई म्हणाली.

"आज जरा फुडं लागलाय गाडा," गुंडा पुटपुटला.

मग चपला. दोन. मग हात जोडून हसणाऱ्या विश्वजितांचा आठ फुटी फ्लेक्स. तीन. खुद्द विश्वजित त्याच्या शेजारून, फ्लेक्सकडे न बघता, खाली उतरून गेले. मग मोटारसायकली, विजेची डीपी, वाळूचा ढीग, रसवंतीचं बाकडं. उतरायचं आणि चढायचं, उतरायचं आणि चढायचं. डॉक्टरांनी टाळायला सांगितलेला जिना सुभेदार आडवा चढत होते. घाम फुटला. आजवर आपण रोज हेच करत होतो आणि एकदाही मोजलं नाही, याचं त्यांना नवल वाटायला लागलं.

"धा," सुलाबाई म्हणाली.

आणि समोर सिमेंटचा रॅम्प आला. दोन फूट उंच, फूटपाथ पूर्ण अडवून थेट डांबराला भिडलेला. दोन्ही बाजूंना जास्वंदीच्या कुंड्या, त्यांना लोखंडी पाइपचा कठडा. पृथ्वीराजची चारचाकी आत जावी म्हणून घातलेला. घातला होता स्वतः सुभेदारांनी, गवंड्याच्या उरावर उभं राहून.

ते थांबले. मागचं गाव थांबलं. कठड्यावरून गुडघा उचलेना, तेव्हा ते रस्त्यावर उतरले. मागून ट्रॅक्टरचा भोंगा इतक्या जवळून वाजला की त्यांना पुढचं दिसेना. सुलाबाईनं सायकल सोडली आणि त्यांचा दंड धरून कुंडीकडे खेचलं. उसाची मोळी सुभेदारांच्या टोपीला घासून गेली.

या खेपेला सुलाबाईनं आकडा म्हटला नाही. ती सायकल उचलायला वाकली. पिशवीतली एक बाटली फुटून तेल डांबरावर पसरलं होतं.

"अकरा," सुभेदार स्वतःच म्हणाले आणि फाटक उघडून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात पहारीचे घाव ऐकून विजयमाला बाहेर आली. "डोस्कं फिरलं का तुमचं? पोराची गाडी काय खांद्यावर घिऊन आत आणणार?"

"देवळापाशी लाव म्हनावं," सुभेदार म्हणाले आणि दुसरा घाव घातला. दोन गडी लावून दोन दिवसांत रॅम्प काढला, ब्लॉक बसवले. घरासमोर चाळीस फूट फूटपाथ मोकळा झाला. आता बाकीचेही आपापलं काढतील, असं सुभेदारांना वाटलं. बाकीचे येऊन बघून गेले. "झ्याक केलंसा," म्हणाले, आणि आपापल्या गाड्यावर जाऊन उभे राहिले.

सुभेदार अर्ज मागे घ्यायला गेले. कारकून म्हणाला, अर्ज मागं घ्यायचा नमुनाच न्हाई आपल्याकडं, आणि ठराव तर सभेच्या आदल्या दिवशीच टाइप झालाय. त्या आठवड्यात 'सायकलींना सक्त मनाई' असा बोर्ड घेऊन दोन माणसं आली आणि सुभेदारांच्या घरासमोरच फूटपाथच्या मधोमध खड्डा खणायला लागली.

"हितंच का?"

"दुसरीकडं जागा कुठाय सुभेदार?"

सोमवारी त्या बोर्डाला लिंबांची माळ बांधून गुंडाचा दुसरा गाडा उभा होता, सोडा-सरबताचा. सुभेदार तावातावानं बाहेर आले.

"गुंडा! काढ हितनं! मी सोताचा रॅम्प फोडून जागा मोकळी केलीया!"

"आवं, म्हणून तर आलो," गुंडा अगदी आदरानं म्हणाला. "रॅम्प होता तवा ती तुमची जागा होती. तुमच्या जागंत मी कवा पाऊल टाकलं का? आता ती सगळ्यांची झाली."

सुभेदारांनी गाडा हातानं ढकलत पुढच्या वळणापर्यंत नेला. गुंडानं चाक धरून मदतच केली, आणि दुपारी तो परत आणून लावला. तेव्हापासून सुभेदारांनी आतली प्लास्टिकची खुर्ची फूटपाथवर आणून ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ पहारा सुरू केला. गाडा आला नाही. पण चालणंही बंद झालं. महिन्याभरात गुडघा आखडला, डॉक्टर ओरडले.

एका सकाळी सुलाबाई बोर्डाला वळसा घालून सायकलीवरून आली. बोर्ड लागल्यापासून तिला कोणी अडवलं नव्हतं, कारण अडवायला फूटपाथवर दुसरं कोणी नव्हतंच.

"आवं सुभेदार, चालायसाठी मोकळा केला आन तुमी बसून ऱ्हायलाय?"

"उठलो की गाडा येतोय."

सुलाबाईनं सायकल स्टँडला लावली, पदरानं तोंड पुसलं. "उठा. मला पुढच्या घरी जायाला अजून वीस मिनिटं हायती, तवर मी बसती. तुमी जावा फिरून."

सुभेदार उठले. सुलाबाई खुर्चीत मांडी घालून बसली. चाळीस फूट जायचं, वळायचं, चाळीस फूट यायचं. तिसऱ्या फेरीला त्यांचा गुडघा मोकळा व्हायला लागला.