भट्टीवाल्याच्या घरची कुकी

"ह्याला बिस्कीट म्हनत्यात व्हय?"

नरहरीने ताटातली एक कुकी दोन बोटांत धरून उचलली. ती मधेच वाकली आणि तिच्यातला वितळलेला चॉकलेटचा दाणा त्याच्या अंगठ्याला चिकटला. शेजारी हात पुसायचं फडकं होतं, पण त्याने अंगठा मुद्दाम ओट्याच्या कडेला पुसला.

"मामा, ठेवा बरं ती. मोजून केल्यात," किमया म्हणाली.

"मोजून? बिस्किटं काय मोजून करत्यात? घमेल्यानं करत्यात."

किमया त्याची सून. कराडकडची, शिकलेली, आणि नरहरीच्या मते शिकूनच बिघडलेली. मैदा वजनकाट्यावर, साखर वजनकाट्यावर, मीठसुद्धा चमच्याने सपाट करून. भिजवलेलं पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये. पीठ काय आजारी आहे, असं त्याने पहिल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं.

नरहरीने पौडच्या एका बेकरीत चौतीस वर्षं भट्टी सांभाळली. दिवाळीच्या आधी दोन आठवडे मुळशीतल्या गावागावांतून बाया मैदा, पिठीसाखर, डालडा घेऊन यायच्या आणि पत्र्याचे डबे भरून नानकटाई घेऊन जायच्या. कुणाचं पीठ हातात घेऊन तो सगळ्यांदेखत म्हणायचा, "डालड्यात हात आखडला जनू." ती बाई लाजेने अर्धी व्हायची. भट्टीत मूठभर पीठ फेकून ते किती वेळात करपतं यावरून त्याला आच कळायची. ही विद्या खरीच होती, पण ती सोडून जगात दुसरी विद्या असेल, असं त्याला कधी वाटलं नाही. तीन वर्षांपूर्वी मालकाच्या पोरांनी जागा विकली, भट्टी पाडली आणि नरहरी कासार गावच्या घरी येऊन बसला.

तेव्हापासून तो जगाला नावं ठेवत होता. मुलगा सौरभ हिंजवडीला दिवसभर खुर्चीवर बसतो आणि वर पाठ दुखते म्हणतो. बंगलेवाले शनिवारी हवा खायला येतात आणि रविवारी कचरा टाकून जातात. सरपंचाला बोलता येत नाही, दूधवाल्याला पाणी घालतानाही नीट मोजता येत नाही. इतका तिरस्कार करायचा तर माणसाला फुरसत लागते, आणि ती त्याच्याकडे भरपूर होती.

किमयाने मात्र चार महिने चिकाटी धरली होती. पहिल्या कुक्या पसरून एकमेकींना चिकटल्या, दुसऱ्या खालून जळल्या, तिसऱ्या कुत्र्याने हुंगून सोडून दिल्या. हे कुत्र्याचं मत नरहरीने गावभर केलं. पण दसऱ्यापासून त्या जमायला लागल्या. मागच्या बाजूच्या बंगल्यातल्या उषाताईंनी चव घेऊन शहाण्णव कुक्यांची ऑर्डर दिली. मुलीचा, दिशाचा, साखरपुडा होता, आणि प्रत्येक पाहुण्याच्या हातात चार कुक्यांचा बॉक्स द्यायचा होता. त्या आवडल्या तर ओळीतल्या बाकीच्या बंगल्यांतूनही ऑर्डरी येणार होत्या.

सौरभने आदल्या दिवशी जेवताना सांगितलं होतं, "ही ऑर्डर नीट गेली तर ठीक. नाहीतर ओव्हन विकून टाकू. माझ्या कंपनीच्या कँटीनमध्ये सुपरवायझर पाहिजे, तिथं चिकट. घरातला हा पसारा बास." किमयाने भाताचा गोळा बराच वेळ चिवडला होता.

दुपारी दोनपर्यंत चारही घाणे निघाले. शहाण्णव कुक्या ओट्यावर, टेबलावर, एक ताट तर शिवणयंत्रावरसुद्धा. ओळी सरळ, कडा तांबूस. किमयाने त्यांच्याकडे बघितलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिला स्वतःविषयी बरं वाटलं. तेवढ्यात पिरंगुटच्या दुकानदाराचा फोन आला की बॉक्स आलेत, येऊन घेऊन जा.

"मामा, मी जाऊन येते. कशाला हात लावू नका."

"मला काय करायच्यात तुझ्या त्या चिखलाच्या गोळ्या."

स्कूटीचा आवाज फाट्यापर्यंत गेला. नरहरी उठला. शेवटच्या घाण्यातली, अजून कोमट असलेली एक कुकी त्याने मधोमध दाबली. बोट आत गेलं.

कच्ची. सरळ सरळ कच्ची. आणि ही पोरगी हे बंगल्यावर धाडणार. पाहुणे विचारणार, कुणी केल्या? नरहरी भट्टीवाल्याच्या घरच्या. चौतीस वर्षांत त्याच्या भट्टीतून कच्चा माल बाहेर गेला नव्हता. तो आता स्वतःच्या घरातून जाणार, तेही त्याच्या डोळ्यांदेखत.

एक कच्चं निघालं की अख्खा माल कच्चा, हा भट्टीचा कायदा. बाकीची ताटं त्याने तपासली नाहीत. तपासली असती तर बरंच काही वाचलं असतं, पण तपासतो तो शिकाऊ. त्याने ओव्हनचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, काचेजवळ तळहात धरून आच बघितली आणि एकेक ट्रे परत आत सारला. दीड तास तो स्टुलावर बसून होता. घाम येत होता. तीन वर्षांत त्याला इतकं समाधान मिळालं नव्हतं. प्रत्येक घाणा काढला की तो एक बिस्कीट उचलून ओट्यावर आपटायचा आणि कान देऊन ऐकायचा.

किमया साडेचारला आली. वाटेत डंपरच्या रांगेत अडकली होती. दारातच तिला वास आला.

"ये," नरहरी म्हणाला. "आता बघ. टणाटण वाजत्यात. तुझी अब्रू वाचवली म्या."

तिने एक कुकी उचलली. ती वाकली नाही. तिने तोडायला घेतली, ती तुटलीही नाही. दाणे काळे कोळसा झाले होते. तिने दुसरं ताट बघितलं, मग तिसरं, मग शिवणयंत्रावरचं. मग ती खुर्चीवर बसली आणि रिकामे बॉक्स मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

"मऊच असतात त्या, मामा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "मऊच करायच्या असतात."

"मऊ बिस्कीट कुटं असतं का?"

ती बॉक्सांची झाकणं दाबत राहिली. रडली असती, भांडली असती, तर नरहरीने दोन शब्द सुनावले असते. तिच्या गप्प बसण्याने तो पहिल्यांदा जरा चाचरला. त्याने हळूच एक कुकी दाढेखाली धरली आणि तशीच बाहेर काढली.

पाचला उषाताईंची गाडी दारात लागली. जरीची साडी, केसांत गजरा, घाईत. सहाला पाहुणे येणार होते. त्यांनी उभ्यानेच एक कुकी चावली आणि गालाला हात लावला.

"अगं, हे काय? ही ती नाहीये."

"माझ्याकडून जास्त भाजल्या गेल्या," किमया म्हणाली. "चूक झाली, ताई. पैसे राहू देत."

नरहरीने तिच्याकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"पैशांचा प्रश्नच नाही गं," उषाताई म्हणाल्या. "पण जमत नसेल तर ऑर्डर घ्यायची कशाला? ह्यांनी मला सांगितलं होतं, पुण्याहून आणू. मीच म्हटलं, गावातल्या मुलीला जरा पुढे येऊ दे. तुम्हाला ना, संधी दिली तरी तिचं सोनं करता येत नाही. घरी बसून फोनवर चार व्हिडिओ बघितले म्हणजे कुणी बेकर होत नाही."

किमयाने मान हलवली. नरहरीला घरातला पंखा एकदम मोठ्याने फिरतोय असं वाटलं. बायांना तो स्वतः असंच बोलायचा, पण ऐकायला ते इतकं ओंगळ असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. तो स्टुलावरून उठला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि पुढे झाला.

"बाई, तिला बोलू नगा. तिच्या बराबर हुत्या. ती भाईर गेल्यावर म्या परत भट्टीत घातल्या. चौतीस वरसं भट्टीवर हुतो म्या, पौडला. माझी चूक हाय. काय बोलायचं ते मला बोला."

एवढं बोलायला त्याला किती जड गेलं, ते त्याच्या कपाळावरच्या शिरेवरून कुणालाही कळलं असतं. तो बोलणी खायला तयार होऊन उभा राहिला. भट्टीवर एखाद्या बाईचा घाणा जळला तर ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. ते त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं होतं, कारण ज्याच्या हातात कसब त्यालाच लोक शिव्या देतात.

उषाताई त्याच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा लोण्यासारखा मऊ झाला.

"अय्या, आजोबांनी केलं होय! किमया, आधी सांगायचंस ना. आमच्या आईपण असंच करतात, परवा चालू वॉशिंग मशीन उघडलं. ह्या वयात होतंच असं." त्यांनी नरहरीच्या दंडावर थोपटलं. "असू द्या हं आजोबा. काही वाईट वाटून घेऊ नका. पेढे आहेत घरात, तेच देऊ."

"म्या काय—" नरहरी म्हणाला.

"नाही, नाही, तुम्ही बसा. बसा बरं." त्यांनी त्याला हाताला धरून स्टुलावर बसवलं आणि किमयाकडे वळून, तो तिथे नसल्यासारखा, आवाज खाली आणला. "पुढच्या रविवारी ह्यांचे मित्र येतायत, तेव्हा पन्नास दे. नक्की. फक्त आजोबांना जरा किचनपासून लांब ठेव."

गाडी गेली. ऑर्डर राहिली, म्हणजे ओव्हनही राहिला. नरहरी स्टुलावर बसूनच होता. ज्या दंडावर त्या बाईने थोपटलं होतं तो त्याने दोनदा चोळला. शिव्या दिल्या असत्या तर त्याने त्या पचवल्या असत्या.

किमयाने बॉक्स टेबलावर आपटले.

"तुम्हाला काय वाटलं, मामा? मी काय चार महिने खेळत होते? सांगून गेले होते ना, हात लावू नका म्हणून? लहान आहात का तुम्ही, कळत नाही? इतकी वर्षं भट्टी केलीत, दुसऱ्याच्या मालाला न विचारता हात घालायचा नसतो एवढं शिकला नाहीत? त्या बाई तुमच्यासमोर मला काय काय बोलल्या, ऐकलंत ना? तुम्हाला ह्यातलं काहीही येत नाही. काही म्हणजे काही येत नाही."

शेजारची रंभाबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. किमयाने आवाज खाली आणला नाही. नरहरी हळूहळू स्टुलावरून उठला आणि तिच्यासमोर हात बांधून उभा राहिला. ती बोलत होती तोवर तो बसला नाही, एकदाही मधे बोलला नाही.

ती दम घ्यायला थांबली.

"न्हाई येत मला," नरहरी म्हणाला. "मऊच काढायच्या?"

"मऊच."

"आन कडक कवा हुत्यात?"

"बाहेर आल्यावर," किमया म्हणाली. ती अजून रागातच होती. "ताटात. कुणी हात लावला नाही तर."

त्याने मान हलवली आणि ती पुढे काय बोलते ते ऐकायला तसाच उभा राहिला.