इश्माएलपासून दस्तगीरपर्यंत

दस्तगीर मुलाणीची वंशावळ मी लिहिली. खोटी लिहिली. आता ऐका.

सांगलीपासून तासाभरावरच्या आमच्या गावात दरसाल हेळवी बैलावर बसून येतो आणि दारोदार उभा राहून त्या-त्या घराच्या वीस पिढ्यांची नावं घडाघडा सांगतो. दस्तगीरच्या दारात तो थांबत नाही. यात्रेच्या बकऱ्यावर सुरी दस्तगीरची, त्याशिवाय गाव मटणाला शिवत नाही. पण पूर्वज सांगायला त्याला कुणी नाही.

"नाथाजी, एवढं वाचतोस, माजी बी नावं काढ की गड्या," तो म्हणाला.

मी सातवी नापास. गिरणी चालवतो. पाचगणीच्या कुठल्याशा शाळेच्या रद्दीत मिळालेलं बायबल तीनदा वाचलंय. त्यात अब्राहामाचा लेक इश्माएल, त्याचे बारा लेक : नबायोथ, केदार, दूमा, तेमा आणि बाकीचे. त्यांच्यापासून अरबांचे कबिले. मला चेव आला. अब्राहाम, इश्माएल, तेमा, मग ठिपक्यांची रेघ, आणि खाली दस्तगीरचा आजा हुसेन. चार हजार वर्षं मी दीड वितीत उरकली. दस्तगीरनं कागद फ्रेम करून भिंतीवर लावला.

त्याच्या नातीच्या बारशात कुणीतरी त्या कागदाचा फोटो काढला. आठवड्यात तो गावच्या ग्रुपवर आला. खाली ओळ : 'स्वतःच कबूल केलंय, बाहेरचे आहेत. गावठाणातली जागा खाली करा.'

सकाळी उपसरपंचाचा शिवतेज गिरणीत आला. मागं चौघं.

"तात्या, अक्षर तुमचंच न्हवं?"

"व्हय."

"मग उद्या ग्रामसभेत एवढंच म्हना. बाकी आमी बघतो." त्यानं छपराकडं मान वर केली. "लाकूड लय वाळलंय तुमचं. जपा."

ते गेल्यावर मी गिरणी बंद केली. बायको, संयोगिता, म्हणाली, "गप व्हय म्हना नि मोकळं व्हा." म्हणणारही होतो. मी काय वाघ नाही.

दुपारी पुस्तक पुन्हा उघडलं. त्या बारा नावांखालीच लिहिलंय, की ही नावं त्यांच्या गावांची नि छावण्यांची. तीनदा वाचून मला हे दिसलं नव्हतं. गाढव!

ग्रामसभेत उभा राहिलो.

"तेमा गाव हाय, वाळवंटातलं. जुन्या लोकांनी गावांना लेक केलं नि सगळ्यांना एक बाप लावून दिला. दस्तगीरचं त्यात कोन न्हाई. ती रेघ मी मारली. शानपना केला."

शिवतेज हसला. "म्हंजे तवा खोटं लिवलं, आज खरं बोलताय? कशावरनं?"

"गिरनीवाल्याला बी तिकडंच धाडा!" मागनं कुणीतरी ओरडलं. सभा खिदळली. सरपंच राजेश्वरीताईंनी कुणाकडंच न बघता विषय पुढच्या सभेवर ढकलला. सगळे भेकड, आणि मी त्यांच्यातला पहिला.

दस्तगीर सभेला आलाच नव्हता. त्याच्या घरी गेलो, तर कागद मांडीवर घेऊन बसलेला.

"ह्या तेमात पानी हाय का रं?"

"मोठी हीर हाय म्हनं."

"आन् मला कोन वळखंल तितं?"

"कोन बी न्हाई. तुजं सगळं हितंच हाय."

"हितं तरी कोन वळखतंय आता?"

आत त्याची सून तान्हीची दुपटी पिशवीत कोंबत होती. मिरजेची शेवटची गाडी सहाला होती.