पिंपातले काळे दाणे

मित्रांनो, या गंजक्या पिंपात मसुराएवढे काळे दाणे दिसतात ना, तो मी. निकेल चढवलेला एक म्हातारा उत्प्रेरक.

फिनलंडमधल्या एका गावात कागदाची गिरणी बंद पडली आणि तिच्याच आवारात माझा कारखाना उभा राहिला. तिथे लाकडाचा भुसा तापवून काळं, आंबट, नाकाला झोंबणारं तेल काढत. हायड्रोजनच्या दाबाखाली ते माझ्यावरून गेलं, की त्यातला ऑक्सिजन निघून जाई आणि खाली स्वच्छ इंधन उतरे. माझी देखभाल करणाऱ्या ऑस्मोने पहिली बाटली थेट आपल्या होडीच्या इंजिनात ओतली. होडी चालली आणि गावभर माझं कौतुक झालं. मला फार बरं वाटलं होतं.

उत्प्रेरक झिजत नाही, असं शाळेत शिकवतात. माझ्या अंगावर मात्र वर्षागणिक काजळी चढत गेली. शेवटी मला उपसून पिंपांत भरलं आणि वर पाणी ओतलं, कारण माझ्यासारखे दाणे हवेत वाळले की आपोआप पेटतात.

मग युहान्नुसची उन्हाळी सुट्टी आली. मला न्यायला ट्रक सुट्टीनंतर येणार होता. पाळीप्रमुख तुइरे घरी जायच्या घाईत होती. तिने या पिंपातलं पाणी सोडून दिलं.

"अगं, कोरडं ठेवतेस?" ऑस्मोने विचारलं.

"पाण्याचं ओझं कशाला वाहायचं? झाकण लावते की घट्ट. तू काय सासूसारखा मागे लागतोस?"

"बघ बाई. तू साहेब."

तो हसला आणि त्याने विषय सोडला.

झाकण नीट बसलंच नव्हतं. सुट्टीत मी वाळलो, तापू लागलो. मला थांबता येईना. शेजारीच भुशाचा ढीग होता आणि राखणीला एकटा ऑस्मो. ढीग पेटला तर कारखाना जाईल, म्हणून तो मला ओढत बाहेर नेऊ लागला. उंबऱ्याशी पिंप कलंडलं आणि मी धगधगत त्याच्या अंगावर सांडलो. कारखाना वाचला. ऑस्मो वाचला नाही. ज्याने मला जपलं त्यालाच मी जाळलं.

मित्रांनो, काम संपलं म्हणून कुणालाही वाऱ्यावर सोडू नका.

ट्रक बाकीची पिंपं घेऊन गेला; जळून उरलेला मी याच पिंपात कारखान्यात राहिलो. आता माझ्यात पेटण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी तुइरे रोज येते, पिंप काठोकाठ भरते आणि पाण्यात हात घालून बघते. कालही बराच वेळ तशीच उभी होती.

"गार आहे रे, ऑस्मो," ती म्हणाली आणि कामाला गेली.