वरचा मजला

शिडीवरून उतरता उतरता प्लंबरने सांगितलं की नळ बदलून भागणार नाही. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची फरशी उखडावी लागेल, खालचा पाइप बदलावा लागेल आणि भाडेकरूंना निदान पंधरा दिवस दुसरीकडे राहावं लागेल. इंदुमतीबाईंनी स्वयंपाकघराच्या छतावरच्या ओल्या डागाकडे पाहिलं, त्याला चहा दिला आणि नंतर कळवते म्हणून वाटेला लावलं.

हिंदी मुलखातल्या या शहरात, प्रताप नगरातलं हे घर त्यांच्या नवऱ्याने, शेषरावांनी, रेल्वेतून निवृत्त होताना घेतलं होतं. म्हातारपणी भाड्याचा आधार व्हावा म्हणून वरचा मजला चढवला. ते गेले आणि सगळं बाईंच्या अंगावर आलं. भाडेकरूंची पोलिसांकडे नोंद, दर अकरा महिन्यांनी नवा करार, रंग, पाण्याची मोटर, दलालाचे फोन. मुलगा पवन पुण्याहून सूचना द्यायचा, आणि घर विकून इकडेच ये, हेही दर वेळी सांगायचा.

यंदाच्या दिवाळीनंतर वर सावनी आणि अभिजित राहायला आले होते. नवराबायको दोघं सांगलीचे, सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. इतक्या वर्षांत मराठी भाडेकरू पहिल्यांदाच मिळाले होते. सावनी कामावरून आली की आधी बाईंच्या दारात थांबायची, ऑफिसातल्या भानगडी सांगायची, भाकरी थापायला शिकायची. बाईंचं अकोल्याकडचं बोलणं तिला फार आवडायचं. दिवसभर दूधवाल्याशी, भाजीवाल्याशी मोजकं हिंदी बोललेल्या बाई तेवढा वेळ मोकळ्या व्हायच्या.

म्हणून त्यांनी गळती लपवली. आधी शेगडी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. डाग पसरत गेला तशी ती बाहेरच्या खोलीत आणली. सावनीने विचारलंच, तर म्हणाल्या, "काही नाही व, इकडे हवा येते."

होळीच्या आदल्या दिवशी छताचा गिलावा ओट्यावर कोसळला. आवाज ऐकून दोघं धावत खाली आली. बाई बाहेरच्या खोलीत होत्या म्हणून वाचल्या, पण पिठाच्या डब्यावर, ताटांवर सगळा चुरा पडला होता आणि वर गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या.

"काकू, हे कधीपासून आहे?" अभिजितने विचारलं.

बाई पिठाचा डबा पदराने पुसू लागल्या.

"आमच्या पाण्यामुळे झालं ना हे? मग सांगितलं का नाहीत?" सावनी म्हणाली.

"सांगतलं असतं तर तुम्ही गेले असते ना, पोरी."

सावनीने झाडू घेतला आणि ती चुरा गोळा करायला लागली.

पुढच्या आठवड्यात दोघं ऑफिसजवळच्या एका इमारतीत मित्राकडे राहायला गेली. काम लांबलं. फरशीखाली पाइप जागोजागी गंजलेला निघाला. तोवर मित्राच्याच इमारतीत एक फ्लॅट रिकामा झाला. लिफ्ट होती, ऑफिस पायी जाण्याएवढं जवळ. हे सांगायला सावनी एकटीच आली. बराच वेळ दुसरंच काहीबाही बोलत बसली. शेवटी तिच्या तोंडून ते निघालं, तेव्हा बाईंनीच तिला समजावलं की रोजची दगदग वाचेल, घ्या तो फ्लॅट. सामान न्यायच्या दिवशी त्यांनी दोघांना जेवू घातलं. एक-दोन रविवार सावनी आलीही. मग फोन यायचा. मग तोही कमी झाला.

वरचं काम चांगलं झालं होतं. दलाल माणसं आणून दाखवत होता. एका बाईने भीत भीत विचारलं, मुलगा लहान आहे, दिवसभर पळतो, तुम्हाला त्रास होईल का? काही होत नाही, पळू दे, असं बाई घाईघाईने म्हणाल्या. त्या लोकांनी तळमजल्याचं दुसरं घर घेतलं.

रिकाम्या घरालाही रोज काहीतरी लागतंच. झुरळं येऊ नयेत म्हणून मोरीत पाणी ओतायचं, खिडक्या उघडून पुन्हा लावायच्या. घर बंद दिसू नये म्हणून संध्याकाळी दिवा लावून ठेव, असं पवनने सांगितलं होतं.

एका संध्याकाळी वरचा दिवा लावून त्या दूध आणायला गेल्या. परत येताना गल्लीच्या वळणावर त्यांची नजर घराकडे गेली. खाली अंधार होता. वरच्या खिडकीत उजेड दिसत होता, कुणीतरी नुकतंच कामावरून घरी आल्यासारखा. त्यांची पावलं आपोआप भरभर पडू लागली. फाटकापाशी आल्यावर त्या थांबल्या, दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि हळूच कुलूप उघडलं.