नवसाचं खोबरं

प्रविणनं देवळाच्या पायरीवर नारळ आपटला. पाणी मनगटावरून ओघळलं. बायनाबाईनं खोबऱ्याचा एक तुकडा काढून लेकापुढं धरला.

“नवस ज्याच्यापायी, त्यानं पयलं खायाचं. चाव, बाबा.”

घ्या! आता आली का पंचाईत? त्यानं तुकडा तोंडात टाकला आणि गालात सरकवून ठेवला. दुसऱ्या बाजूला टाके होते. नव्या दातांसाठी हिरडीत स्क्रू बसवून अजून आठवडाही झाला नव्हता.

तलवाड्याच्या देवीची ही टेकडी माय दुखऱ्या गुडघ्यांनी, अनवाणी चढली होती. लेक अमेरिकेतून आला म्हणून. याआधी तो आला तो बापाच्या दहाव्याला. या खेपेला मात्र दारात पाऊल टाकताच म्हणाला, “काम काही न्हाई, तुला बघायला आलोय.” मायनं ते भावकीत घरोघर सांगितलं. खरं असं, की तिकडं दातांचा खर्च ऐकून त्याचे डोळे पांढरे झाले होते. विमावाले दाताला हात लावायला तयार नव्हते. तेच काम संभाजीनगरला, विमानाचं भाडं धरूनही, निम्म्यात होत होतं. त्या हिशेबात माय कुठंच नव्हती. मित्राकडं जातो म्हणून तो दवाखान्यात जाऊन आला, गाल सुजला तर म्हणाला वारं लागलं. थापेवर थाप. तिनं वाढलेलं ताट समोर आलं की त्याला स्वतःचीच लाज वाटायची.

“चावंना कावून?” मायनं विचारलं.

“चावतोय की.”

“कशाचं चावतोय! गालात तसंच हाय.”

आता देवीच्या दारातही खोटं बोलायचं? त्याला राहवेना.

“माय, मी दातासाठी आलो. तिकडं परवडंना म्हणून. तुला बघायला न्हाई आलो. तू हा नवस उगीच फेडतीस.”

बायनाबाईचा हात खोबऱ्याच्या वाटीवर तसाच थांबला. आता ही रडणार, नाहीतर चारचौघांत शिव्या घालणार, असं त्याला वाटलं. तिनं गाभाऱ्याकडं तोंड केलं आणि दोन्ही कान धरले.

“चुकले गं, आई. कायबी निमित्त काढ पन लेकाला आन, असं मीच म्हणलते. दुखणं लाव असं न्हवते म्हणले.” मग लेकाच्या गालाला हळूच हात लावत ती म्हणाली, “लई दुखतंय का रं? माझ्यापायी झालं हे.”

प्रविणनं तिचा हात गालावरच धरून ठेवला. “तुझ्यापायी कसं होईल, माय? आता बरं हाय. निस्ते स्क्रूवरचे दात बसवायचे राहिलेत. त्याला दिवाळीत यावं लागंल.”

“परत?”

“हां. परत.”

बायनाबाईनं झटकन तोंडावर पदर ओढला, पण त्याआधी तिचं हसू त्याला दिसलंच. ती घाईघाईनं देवीपुढं वाकली आणि तिनं पुन्हा कान धरले.