खाली पडलेलं पीठ

त्रेचाळीस सालच्या दुष्काळात जतच्या पूर्वेला, कानडी मुलखाला लागून असलेल्या एका वाडीत लहान पोरांसाठी पेजकेंद्र निघालं. पीठ चाळून पेज शिजवायचं काम रंगुबाईला मिळालं. तिची मेंढरं चाऱ्यावाचून मेली होती. दोन वर्षांचा नातू, सिद्धू, केंद्रातल्याच पेजेवर जगत होता.

ज्वारीच्या पिठाची पोती सांगलीहून येत. महिन्यातून एकदा तपासणीला साहेब यायचा, तारेच्या चाळणीत मूठभर पीठ घेऊन हलवायचा. वर भरड उरली तर पोतं परत, सगळं खाली पडलं तर पास.

पौषात आलेलं पीठ फार पांढरं होतं. हाताला गार, निसरडं लागत होतं. रंगुबाईनं जन्मभर जात्यावर दळलं होतं. तिनं जुन्या लुगड्याचा पदर ताणून त्यावर वाटीभर पीठ ओतलं. ज्वारीचं पीठ त्यातून जेमतेम चिमूटभर गळायचं. हे निम्मं गळलं. गळलेलं तिनं पाण्यात शिजवून बघितलं. घट्ट झालंच नाही, तळाला जाऊन बसलं.

"नानासो, ह्यो दगूड हाय," तिनं केंद्राच्या कारकुनाला सांगितलं. "रांगोळीचा शिरगोळा कुटून घातलाय."

"मावशी, मी काय करू? सायबालाच सांगा."

साहेब आला, त्यानं चाळणी हलवली. "एक कण वर राहिला नाही. उत्तम पीठ."

"सायेब, वरचं काय बघताय? खाली काय पडलंय ते बघा की."

"बाई, खालचं बघायला मला कुणी सांगितलेलं नाही," म्हणत त्यानं सही केली.

त्या दिवसापासून रंगुबाई सगळं पीठ पदरातून गाळू लागली. गळलेलं केंद्रामागं टाकायची, वर उरलेलं शिजवायची. पेज पातळ झाली. पोरं उपाशी रडू लागली, आणि रंगुबाई पीठ चोरते असं बाया बोलू लागल्या. एक दिवस मागचा पांढरा ढीग त्यांना दिसला. त्यांच्यात तिची सून, सिद्धूची आई तानुबाईही होती.

"आत्याबाई, पोरांच्या तोंडचं उकिरड्यावर टाकताय व्हय?"

"तानू, ते खायाचं न्हाई गं."

कुणी ऐकलं नाही. नानासोनं तिला कामावरून काढलं. नवी बाई सगळं पीठ शिजवू लागली, पेज दाट झाली आणि पोरं पोटभर पिऊन गप झोपू लागली. तानुबाईनं सासूशी बोलणं टाकलं आणि सिद्धूलाही तीच पेज पाजली.

माघात सिद्धूचं पोट दगडासारखं टणक झालं. हातपाय काड्यांसारखे झाले. रंगुबाईनं त्याला एरंडेल पाजलं, पोट शेकलं. पाचव्या दिवशी तो गेला.

त्याला पुरून आल्यावर तानुबाई थेट पेजकेंद्रावर गेली. "पाजू नगा!" ती रांगेतल्या बायांवर ओरडली. "दगूड हाय त्यात! माझी आत्याबाई खरं सांगत हुती!"

बायांनी रांग सोडली नाही. एकीनं कडेवरचं पोर सावरलं आणि वाडगं पुढं केलं. घरी दुसरं काहीच नव्हतं.